दोन काठांना दोन बातम्या

पांढुर्णा
२१ जुलै

प्रिय उर्वशीताई,

पत्र पाहून दचकू नको, सगळे जितेजागते आहे. फोन केला असता, पण आमच्या घरी फोन म्हणजे अर्धी ग्रामपंचायत. मी हॅलो म्हटलं का सासूबाई कान टवकारते. म्हणून हे नत्थूजीच्या हाती देऊन राहिली. त्याची बस सौंसरले येतेच, उत्तर तूही त्याच्याच हाती देजो.

परवा सागरची दाढ काढाले नागपूरले गेली होती. दाढ निघाली अन् पोट्ट्याचं थोबाड हे एवढं सुजलं. म्हणे, आई, पिच्चर पाहू, तिथं बोलावं लागत नाही. मी म्हटलं चाल. ताई, मी आजवर पिच्चरमध्ये झोपणारी बाई, हे मात्र डोळे फाडून पाहलं. नाव 'चौथी चौकी'. एक गाणं नाही, एक नाच नाही, अन् तरी मी खुर्चीचा हात सोडला नाही.

दोन देश, मधात बर्फाची नदी. एका देशाचे शिपाई चौथ्या चौकीवरून गायब होतात. झालं, टीव्हीवाले बोंबलतात, लोक रस्त्यावर येतात, दोन्हीकडचे रणगाडे नदीपर्यंत येऊन उभे राहतात. संरक्षण सचिव एक बाई आहे, मीरा सान्याल. साधी सुती साडी, केसात चष्मा खोचलेला, आवाज कधी चढत नाही. ती शोधून काढते का शिपायायले कोणी मारलंच नाही, बर्फाचा कडा कोसळला त्यात ते दबले. धावत पंतप्रधानाकडे जाते. तुले वाटन संपलं पिच्चर. अवं, तिथूनच सुरू होते! पंतप्रधान चहा ढवळत म्हणते, "हे मला कालच कळलं." खरं सगळ्यायले माहीत आहे, पण भर सभेत बोलून बसले ना, आता मागं कसं सरकाव? पुढचं नाही सांगत. पाहजोच.

बाहेर आली तर सागर गाल धरून म्हणे, "आई, यंदा मी झेंडा तोडाले नदीत उतरणार. बाबाले शब्द दिला."

तू लग्न करून संत्र्याच्या बागेत गेली, तुझ्या डोक्यातून गोटमार गेली असन. आमच्याकडे बारा महिने तेच चालते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधात पळसाचं झाड रोवतील, त्यावर झेंडा बांधतील. सावरगाववाले राखतील, पांढुर्ण्याचे तोडाले जातील, अन् दोन्ही काठावरून गोटे. गेल्या साली यायच्या, म्हणजे सागरच्या बाबाच्या, कपाळावर बसला तो गोटा आठवते ना? कोणीतरी म्हटलं, देवीदासनं मारला. आपल्या सख्ख्या भावानं! तेव्हापासून मले सावरगावचा रस्ता बंद. मी गच्चीवर कपडे वाळू घालते तर नदीपलीकडं माहेरचं छप्पर दिसते, अन् जाता येत नाही. आता देवीदास म्हणते यंदा झाडाजवळ तोच राखणदार. एकीकडून माझा भाऊ, एकीकडून माझा पोरगा. मी कोणत्या काठावर उभी राहू?

तुझी,
प्रेमा


सौंसर
२७ जुलै

प्रेमा,

दाढ पोराची काढली का अक्कल तुझी? चार पानाचं पत्र, त्यात अडीच पानं पिच्चर! तुझ्या त्या मीराबाईले लढाई थांबवाचा पगार मिळते. तुले कोण देते? अन् आजकालच्या लढाईच्या पिच्चरमध्ये काय असते ते मले ठाऊक आहे: एकानं ओरडावं, दुसऱ्यानं उडावं, अन् आपण कानात बोटं घालून बसावं.

इथं संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ सुरू आहे. सकाळी बागेत गेलं का झाडाखाली हिरवा सडा. तुझे भाऊजी प्रत्येक फळ उचलून पाहतात, जसं काही ते परत देठाले चिकटवणार आहे. अशात तुझं पत्र आलं, मग मी काय स्वस्थ बसते? सावरगावच्या हिरामणले फोन लावला. आपल्या चुलत घरचा माणूस, खोटं बोलणार नाही. तो काय म्हणते ऐक. राजूभाऊले गोटा बसला तेव्हा देवीदास काठावर नव्हताच! हिरामणच्या पायाले लागलं होतं, अन् देवीदास त्याले पाठीवर घेऊन दवाखान्याच्या तंबूत घेऊन गेला होता. ज्याच्या पाठीवर हिरामण, तो गोटा कोणत्या हातानं मारन?

आता राजूभाऊले समोर बसव अन् हे सांगून टाक. हिरामण साक्ष द्याले तयार आहे. खऱ्याले मरण नसते, बाई. एका भाकरीच्या वेळात मिटन सगळं, अन् तू राखीले सावरगावले जाशील. पिच्चर-बिच्चर काही लागत नाही.

उर्वशीताई


पांढुर्णा
११ ऑगस्ट

प्रिय ताई,

राखी झाली. मी गेली नाही. यावरून समजून घे.

तुझं ऐकलं मी. यायले गरम भाकर वाढली, ठेचा वाढला, अन् सांगतलं. हे चावता चावता थांबले. वाटलं, आता म्हणतील, चाल, साळ्याले भेटून येऊ. ताट सरकवलं अन् म्हणतात, "वर्षभर मी पूर्ण बाजारात सांगून बसलो, साळ्यानं मारलं म्हणून. आता काय सांगू, चुकलं म्हणून? कापसाच्या गाड्यावरचे लोक हसतील मले. खरं असन तर त्यानं येऊन सांगावं." दोन दिवस माझ्याशी बोलले नाही.

मंग मी हिरामणले म्हटलं, देवीदासलेच पाठव. हिरामण गेला, तर देवीदास त्याच्यावरच उखडला! ताई, तुले हसू येईन का रडू, मले माहीत नाही. आपला भाऊ सावरगावात त्या गोट्यावर वर्षभर मिरवून राहिला. पांढुर्ण्याच्या राजूले पाडणारा म्हणून त्याले चावडीवर जागा मिळते, चहावाला पैसे घेत नाही. त्यानं कधी 'मी मारला' म्हटलं नव्हतं. लोकायनं म्हटलं, तर यानं मिशीवर हात फिरवला. आता म्हणते, "मी नाही मारला म्हणू तर गाव म्हणन जवायाले भ्याला."

आठवला का पंतप्रधान, चहा ढवळणारा? मी तेव्हा म्हटलं होतं ना!

राखी हिरामणच्या हाती पाठवली होती. देवीदासनं घेतली, बांधली नाही, देवाजवळ ठेवली म्हणे. अन् वरून निरोप, "नदीत भाचा-बिचा काही नसते. झाडाले हात लावन त्याचा हात जाईन." आपल्यात मामा भाच्याच्या पाया पडते ताई, सागरच्या बारशाले यानंच त्याचे पाय डोक्याले लावले होते, अन् तोच आता असं बोलते. इकडं सागर अंगणात बाभळीच्या खुंटावर कुऱ्हाड चालवून राहिला. प्रत्येक घाव माझ्या छातीत बसते.

रागावू नको, पण एकदा ते पिच्चर पाहून ये. मी रोज भांडी घासता घासता त्या बाईचाच विचार करते. शेवटी तिनं जे केलं ते तू पाहशील तर मी काय म्हणते ते तुले समजन.

प्रेमा


सौंसर
१७ ऑगस्ट

प्रेमा,

पाहलं बाप्पा, पाहलं! छिंदवाड्याले काम होतं, तुझ्या भाऊजीले ओढून नेलं. ते सुरुवातीलेच घोरतील म्हणून त्यायले चघळाले मी पिशवीत बडीशेप ठेवली होती. बडीशेप तशीच परत आली.

मी माझे शब्द गिळते. असं पिच्चर मी पाहलं नव्हतं. बंदुकीची एक गोळी सुटत नाही अन् आपण खुर्चीच्या टोकावर येऊन बसतो. तुले मीरा आवडली; मले तो पलीकडचा म्हातारा जनरल. दुश्मनाचा माणूस म्हटलं का आपल्याकडं डोळे लाल अन् राक्षसी हसणं. याले सर्दी झाली आहे! पूर्ण पिच्चरभर रुमालानं नाक पुसते, मुलीचा फोन येते तर म्हणते काढा घेतला, घेतला. अन् त्याच्याच एका बोटाखाली लाखो लोकायचा जीव. ज्यानं हे लिहिलं त्याच्या हाताले सोन्याचं कडं घालाव.

अन् शेवटचा तो फोन! ती इकडून, तो तिकडून. कॅमेरा नुसता तिच्या हातावर. ती काय म्हणते, "तुमच्या लोकांना सांगा आम्ही माघार घेतली. आम्ही आमच्या लोकांना सांगू तुम्ही घेतली." म्हातारा नाक पुसते अन् म्हणते, "आणि खरं?" ती म्हणते, "खरं आपण दोघं म्हातारपणी बोलू." दोन राजधान्यांत दोन वेगळ्या बातम्या, दोन्हीकडं फटाके, अन् नदीवरून रणगाडे मुकाट्यानं माघारी. तुझे भाऊजी बाहेर आल्यावर पानाच्या ठेल्यावर थांबले. मग म्हणाले, "बाई असावी तर अशी." मी म्हटलं, घरी काय वांगी आहे का?

आता कामाचं बोलते. मी समजली तू काय म्हणते ते. खऱ्यानं भागत नाही, डोकं चालवा लागते. मी चालवलं. सागरले पोळ्याच्या आधी इकडं पाठव. सांग, मावशीच्या बागेत फवारणीले माणूस नाही. एकदा आला का मी त्याले विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कोंडते. शिव्या देईन, देऊ दे. गोटमार झाली का सोडते. हाच उपाय आहे, दुसरं काही करू नको.

उर्वशीताई


पांढुर्णा
पोळ्याचा दिवस, दुपार

प्रिय ताई,

बैल धुवून झाले, हे शिंगं रंगवून राहिले. तोवर पुरणाच्या हातानंच लिहिते.

सागरले कोंडून काय होईन? तो पुढच्या साली उतरन, अन् यायनं-देवीदासनं एकमेकाचं तोंड पाहलं नाही ते नाहीच पाहणार. मले फक्त पोरगा नाही वाचवाचा ताई, मले माहेरही पाहिजे.

मी खोटं बोलली. एकदा नाही, दोनदा.

यायले सांगतलं, "देवीदासले पस्तावा झाला. तोंडानं माफी मागाची लाज वाटते, म्हणून नदीच्या मधात, अख्ख्या पांढुर्ण्यासमोर, तुमच्या पोराच्या पाया पडणार. पण मंग सागरनं झाडाले हात लावाचा नाही." यायची छाती अशी फुगली का सदऱ्याचं बटन तुटते का काय वाटलं. म्हणाले, "पडू दे पाया. झाड काय, दुसरा कोणी तोडन."

देवीदासले हिरामणच्या हाती सांगतलं, "जवायानं माफी मागतली. उगाच तुझं नाव घेतलं म्हणते. सागर तुझ्यासमोर येऊन कुऱ्हाड टाकणार, म्हणजे राखणदार म्हणून जीत तुझी. तू फक्त रीतीप्रमाणे भाच्याच्या पाया पडजो." त्यानं हिरामणले चहा पाजला अन् म्हणे, "भाच्याच्या पाया पडाले मले कोणाची भीती?"

दोन्ही गोष्टी एकट्या सागरले माहीत आहे. पहिले तोंड फुगवलं, मंग हसला. म्हणे, "आई, तू त्या मीरा सान्यालची बी मावशी निघाली." कुऱ्हाड टाकाले तयार झाला. त्याले बी मामाच्या अंगावर जाचं नव्हतंच ताई, बापाच्या शब्दात अडकला होता.

भीती एकच वाटते, दोघं नदीत एकमेकाशी बोलले तर? पण ढोलात अन् आरडाओरड्यात कोणाले कोणाचं ऐकू येते! तू येऊ नको. चंडीमातेपुढं हात जोडजो.

प्रेमा


सौंसर
गोटमारीची संध्याकाळ

प्रेमा,

फोन काऊन उचलत नाही? पंचवीसदा लावला. पांढुर्ण्याहून आलेल्या बसमधले लोक सांगतात, सावरगावचा राखणदार मधात नदीत वाकला अन् पांढुर्ण्याच्या बाजूनं त्याच्यावर गोट्याचा पाऊस झाला. राखणदार म्हणजे आपला देवीदास. तूच त्याले नदीत वाकवाले पाठवलं. मी कोंडाले सांगतलं होतं. ते ऐकलं असतं तर?

पिच्चर पाहून शहाणपणा करते! तिथं गोळी लागलेला माणूस दुसऱ्या पिच्चरमध्ये पुन्हा दिसते. माझ्या भावाले काही झालं असन तर मी तुझं तोंड पाहणार नाही. नत्थूजी सकाळच्या गाडीनं तुझ्या दारात येईन. दोन ओळी लिहून दे, पण खऱ्या दे.

उर्वशी


पांढुर्णा
दुसरा दिवस

प्रिय ताई,

देवीदास जिता आहे. हे पहिले वाच, मंग बस, पाणी पी, अन् बाकीचं वाच. माझा फोन गर्दीत पडला, अजून सापडला नाही.

चूक माझीच झाली. मी सगळा विचार केला अन् जे आपल्या नदीवरच्या शेंबड्या पोराले माहीत आहे तेच विसरली. सागर पाण्यात उतरला, कुऱ्हाड वर धरून सगळ्यायले दाखवली अन् मागच्या पोराच्या हातात देऊन टाकली. सावरगावकडून जल्लोष झाला. देवीदास झाडाजवळून चार पावलं पुढं आला अन् पाया पडाले वाकला. अन् ताई, गोटमारीत वाकलेला माणूस म्हणजे काय? गोटा उचलणारा माणूस! आमच्या काठावरून एकच ओरडा झाला, "उचलला रे, उचलला!" अन् गोटे सुरू झाले. मी ओरडली तर माझा आवाज मलेच आला नाही.

पहिला देवीदासच्या पाठीवर बसला, दुसरा डोक्यावर. त्यानं सागरचे पाय सोडले नाही. अन् मंग मी पाहलं, हे धावून राहिले. एक चप्पल काठावर, एक पाण्यात, धोतराचा सोगा वाहून चालला, अन् दोन्ही हात पसरून आपल्याच लोकायच्या समोर जाऊन उभे राहिले. बोंबलत होते, "साळा आहे माझा! पाया पडून राहिला तो, भडव्याहो! मले मारा!" कोणाले ऐकू येते? यायच्या खांद्यावर बसला. तसा देवीदास खालून उठला अन् यायच्या समोर आडवा झाला. हे त्याले मागं ओढतात, तो यायले मागं ढकलते, अन् सागर दोघायच्या अंगावर. तिघंही एकमेकाले झाकून राहिले. पहिले सावरगाववाले थांबले, पांढुर्ण्याचा माणूस आपल्या माणसाले झाकते म्हणून. मंग आमचे थांबले. झेंडा संध्याकाळी दोन्हीकडच्या लोकायनं राजीखुशीनं काढला अन् चंडीमातेले नेला, ते मी नंतर ऐकलं. मी तंबूत होती.

देवीदासच्या डोक्याले टाके पडले. यायच्या खांद्याचं हाड सरकलं, ते बसवलं. सागरले खरचटलं तेवढंच. डाक्टर म्हणे घरी न्या. मी विचारलं, कोणत्या? हे म्हणाले, "कोणत्या म्हणजे? आपल्या."

तर ताई, साल उलटल्यावर माझा भाऊ माझ्या ओसरीवर बसला. मी पाणी आणलं. त्यानं तांब्या रिकामा केला अन् सहज म्हणाला, "भाऊजी, तुम्ही माफी मागतली म्हणून मी आलो, नाहीतर आलो नसतो."

हे म्हणाले, "मी? माफी तर तू मागतली."

दोघंही माझ्याकडं पाहाले लागले. सागर हळूच उठून मागच्या दारानं पळाला, मेला. मी म्हटलं, "हाव. दोघायलेही मीच खोटं सांगतलं. खरं सांगतलं होतं तर तुम्हा दोघायलेही नको होतं. आता काय करता, मले मारता का गोटे?" अन् मले रडू कोसळलं. तुझ्यावर आण, एवढी मी बापूजी गेले तेव्हा बी रडली नव्हती.

मंग हे खाटेवरून उठले, दुखरा हात छातीशी धरून देवीदाससमोर गेले. म्हणाले, "माफी मी मागतली नव्हती. आता मागतो."

देवीदासनं मान खाली घातली. मंग म्हणे, "तो गोटा माझा नव्हता भाऊजी. मी फुकटचा मिरवला. उद्या चावडीवर सांगून टाकीन."

त्या मीरा सान्यालवर माझा जीव आहे तो आहेच. तशी बाई नसती तर मले हे सुचलं नसतं. पण ती अन् तिचा म्हातारा जनरल शेवटपर्यंत खरं बोलले नाही ताई, म्हातारपणावर ढकललं. यायनं नाही ढकललं. मले आजवर वाटत होतं, माझ्या नवऱ्याले फक्त ओरडता येते.

आता दोघं एकाच खाटेवर आडवे पडून आहे, एकाचा खांदा दुखते, एकाचं डोकं, अन् पडल्या पडल्या भांडून राहिले का जिंकलं कोण. मी उद्या देवीदासले पोहोचवाले सावरगावले जाते. पुलावरून, पायी, सगळ्यायसमोर.

तुझी,
प्रेमा